केअर हार्डी यांचे जीवन आणि कार्य: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

केअर हार्डी कोण होते?

जेम्स केअर हार्डी (१८५६–१९१५) हे स्कॉटलंडमधील खाणकामगार, कामगार संघटक, पत्रकार आणि ब्रिटिश संसदेचे सदस्य होते. ब्रिटनमधील आजच्या मजूर पक्षाच्या स्थापनेचे श्रेय अनेकांकडे जाते. त्यात संघटनेची घडी बसवणारे रॅम्से मॅकडोनाल्ड आहेत, आर्थर हेंडरसन आहेत, आणि ज्यांची नावे फारशी कोणाला आठवत नाहीत असे असंख्य संघटनांचे चिटणीसही आहेत. तरीही कामगारांनी दुसऱ्या पक्षाच्या आश्रयाने नव्हे, तर स्वतःच्या पक्षाच्या बळावर संसदेत जावे, ही मागणी जवळजवळ एकट्याने लावून धरणारा आणि त्यासाठी वर्षानुवर्षे पराभव पत्करणारा माणूस म्हणून हार्डी यांचे स्थान वेगळे आहे. १९०६ मध्ये या पक्षाच्या संसदीय गटाचे ते पहिले अध्यक्ष झाले.

त्यांचा जन्म कोठे आणि कोणत्या परिस्थितीत झाला?

स्कॉटलंडच्या लॅनर्कशर परगण्यातील लेगब्रॅनॉक या खाणींच्या परिसरातील वस्तीत १५ ऑगस्ट १८५६ रोजी त्यांचा जन्म झाला. आई मेरी केअर घरकाम आणि शेतकाम करणारी मोलकरीण होती आणि जन्माच्या वेळी ती अविवाहित होती. १८५९ मध्ये तिने डेव्हिड हार्डी या जहाजावरील सुताराशी लग्न केले, आणि मुलाच्या नावापुढे सावत्र वडिलांचे आडनाव लागले. घरात मुले वाढत गेली, वडिलांचे काम कधी असे, कधी नसे, आणि कुटुंब काम मिळेल तिकडे बिऱ्हाड हलवत राहिले. हार्डी यांना नियमित शाळा जवळजवळ मिळालीच नाही. वाचायला त्यांना आईने शिकवले. वयाच्या आठव्या वर्षाच्या आसपास ते ग्लासगोमध्ये एका जहाज कंपनीत निरोप्याचे काम करू लागले होते.

बेकरीतून त्यांना काढून टाकल्याची गोष्ट खरी आहे का?

ही गोष्ट प्रामुख्याने हार्डी यांनी स्वतः, पुष्कळ वर्षांनंतर, सांगितलेली आहे, आणि चरित्रकारांनी ती बहुतेक त्यांच्याच शब्दांवरून घेतली आहे. त्यामुळे तिच्यातील बारीकसारीक तपशिलांना आठवणीचा आणि सभेत बोलण्याच्या सवयीचा रंग चढला असणे शक्य आहे. पार्श्वभूमी मात्र नोंदलेली आहे. १८६६ मध्ये क्लाइड नदीकाठच्या जहाजबांधणी कारखान्यांत मालकांनी टाळेबंदी केली आणि ती सुमारे सहा महिने चालली. त्या काळात वडिलांची मिळकत थांबली आणि घर एका पोराच्या आठवड्याच्या साडेतीन शिलिंगांवर येऊन ठेपले. मुलगा एका बेकरीत दिवसाला साडेबारा तास राबत होता. घरी धाकटा भाऊ तापाने अंथरुणाला खिळलेला आणि आईचे दिवस भरत आलेले, म्हणून रात्रीची जागरणे होत आणि सकाळी कामावर पोहोचायला उशीर होई. नववर्षाच्या सुमारास दुसऱ्यांदा उशीर झाला, तेव्हा त्याला वरच्या मजल्यावर मालकाच्या घरात बोलावण्यात आले. भरलेल्या टेबलाभोवती कुटुंब न्याहारीला बसलेले होते, आणि तेथेच त्याला कामावरून कमी केल्याचे व शिक्षा म्हणून आठवड्याचा पगारही कापल्याचे सांगण्यात आले.

मालक धर्मशील म्हणून प्रसिद्ध होता, हा तपशील हार्डी कधी वगळत नसत. पुढे चर्चला जाणाऱ्या श्रीमंतांविषयी त्यांनी जे लिहिले त्याची धार या प्रसंगातून आलेली दिसते. निदान त्यांना स्वतःला तसे वाटत होते.

खाणीत त्यांनी नेमके कोणते काम केले?

वयाच्या दहाव्या वर्षी ते कोळशाच्या खाणीत उतरले. पहिले काम दारावर बसण्याचे होते. खाणीतील बोगद्यांत हवा ठरावीक मार्गानेच फिरावी म्हणून जागोजागी लाकडी दारे बसवलेली असत; कोळशाच्या गाड्या आल्या की दार उघडायचे आणि त्या गेल्या की लगेच लावायचे, एवढेच ते काम, पण ते सुमारे दहा तास, अंधारात आणि बहुतेक वेळ एकट्याने करायचे असे. हिवाळ्यात पहाटे खाली उतरणाऱ्या आणि सायंकाळी वर येणाऱ्या या मुलांना सूर्य रविवारीच दिसे. पुढे त्यांनी खाणीतील घोडे हाकले आणि मोठे झाल्यावर प्रत्यक्ष कोळसा फोडण्याचे काम केले. वयाच्या तेविसाव्या वर्षापर्यंत त्यांचे आयुष्य खाणीतच गेले.

मग त्यांचे शिक्षण कसे झाले?

रात्रशाळेत आणि खाणीत. होलीटाउन येथील रात्रशाळेत दिव्यांची सोय नसे, मुले आपापल्या मेणबत्त्या घेऊन येत. लिहिणे त्यांनी बऱ्याच उशिरा आत्मसात केले. लघुलिपी शिकताना ते खाणीच्या दिव्याच्या काजळीने दगडी पाटी काळी करून तिच्यावर टाचणीने अक्षरे गिरवत, आणि याच लघुलिपीने पुढे त्यांना पत्रकारितेचा मार्ग खुला करून दिला. वाचनात बायबल, रॉबर्ट बर्न्सच्या कविता आणि कार्लाइल यांचा वाटा मोठा होता. १८७० च्या दशकाच्या अखेरीस ते इव्हँजेलिकल युनियन या पंथात सामील झाले आणि दारूबंदीच्या चळवळीतही शिरले. आई आणि सावत्र वडील धर्म मानणारे नव्हते, हे येथे लक्षात घ्यावे लागते. मुलगा धर्माकडे वळला तो घरच्या संस्कारांमुळे नव्हे. सभा चालवणे, ठराव मांडणे, गर्दीसमोर उभे राहून बोलणे या गोष्टी त्यांनी प्रथम दारूबंदीच्या व्यासपीठावर केल्या, आणि खाणकामगारांनी आपल्या तक्रारी मांडण्यासाठी त्यांनाच पुढे केले याचे कारणही हेच असावे.

खाणमालकांनी त्यांना कामावरून का काढले?

मालकांच्या लेखी ते चिथावणीखोर ठरले म्हणून. त्यांना धाकट्या भावांसह खाणीतून काढून टाकण्यात आले आणि परिसरातील इतर खाणींची दारेही बंद झाली. १८७९ मध्ये हॅमिल्टनच्या खाणकामगारांनी त्यांना आपले चिटणीस आणि नंतर संघटक नेमले. त्याच वर्षी त्यांनी लिली विल्सन यांच्याशी विवाह केला. पुढील वर्षी लॅनर्कशरमध्ये वेतनकपातीविरुद्ध संप झाला आणि तो फसला. त्यानंतर ते एअरशर परगण्यातील कमनॉक या गावी आले. तेथे १८८१ मध्ये वेतनवाढीसाठी झालेला संपही सुमारे दहा आठवड्यांनी मोडला. संघटनेकडे पगार देण्याइतके पैसे उरले नव्हते, म्हणून त्यांनी स्थानिक वृत्तपत्रात लेखन करून घर चालवले. १८८६ मध्ये एअरशरच्या खाणकामगारांची संघटना पुन्हा उभी राहिली आणि तिचे चिटणीसपद त्यांच्याकडे आले. स्कॉटिश खाणकामगार महासंघाचेही ते चिटणीस झाले.

या काळातील त्यांच्या पदरी पडलेले यश फारसे नाही, आणि ते आहे असे दाखवण्याचा प्रयत्न काही चरित्रांत झालेला आढळतो, तो टाळलेला बरा. संघटनांची नोंदवही भरत नव्हती, निधी साठत नव्हता, आणि कोळशाचा भाव पडला की संप आपोआप निष्फळ ठरत होता. कामाचे तास आणि सुरक्षितता यांचा निर्णय खाणीच्या तोंडाशी होणार नाही, तो कायद्याने व्हावा लागेल, या निष्कर्षाला ते आले ते या अपयशांमुळेच.

ते सुरुवातीला उदारमतवादी पक्षाचे समर्थक होते ना?

होय, आणि त्यात विशेष काही नव्हते. त्या काळी मतदानाचा हक्क असलेला बहुसंख्य संघटित कामगार ग्लॅडस्टन यांच्या उदारमतवादी पक्षाच्या मागे होता. १८७४ मध्ये अलेक्झांडर मॅकडोनाल्ड आणि टॉमस बर्ट हे दोन खाणकामगार नेते संसदेवर निवडून आले तेही उदारमतवाद्यांच्या पाठिंब्यानेच. त्यामुळे हार्डी हे ‘ब्रिटनचे पहिले कामगार खासदार’ होते हे विधान चुकीचे आहे. उदारमतवादी पक्षाशी न बांधलेले आणि तसे उघडपणे सांगून निवडून आलेले कामगार प्रतिनिधी, हे त्यांचे वेगळेपण.

फारकतीला १८८७ मध्ये सुरुवात झाली. स्वॉन्सी येथे भरलेल्या कामगार संघटनांच्या वार्षिक परिषदेत हार्डी यांनी हेन्री ब्रॉडहर्स्ट या ज्येष्ठ नेत्यावर, कामगारांचा प्रतिनिधी असूनही मालकवर्गातील उदारमतवादी उमेदवारांसाठी मते मागितल्याबद्दल, जाहीर हल्ला चढवला. परिषदेने अर्थातच ब्रॉडहर्स्ट यांची बाजू घेतली. निर्णायक घटना घडली ती १८८८ च्या एप्रिलमधील मिड-लॅनर्कच्या पोटनिवडणुकीत. खाणकामगारांच्या या मतदारसंघात उदारमतवाद्यांनी हार्डी यांना डावलून जे. डब्ल्यू. फिलिप्स या बाहेरच्या वकिलाला उमेदवारी दिली. हार्डी अपक्ष उभे राहिले. माघार घेतल्यास पुढील सार्वत्रिक निवडणुकीत सुरक्षित जागा आणि वर्षाला ३०० पौंड देण्याची तयारी उदारमतवाद्यांच्या वतीने दाखवण्यात आली, ती त्यांनी नाकारली. निकालात फिलिप्स यांना ३,८४७, हुजूर पक्षाच्या उमेदवाराला २,९१७ आणि हार्डी यांना ६१७ मते पडली.

तिसऱ्या क्रमांकाची ही ६१७ मते म्हणजे सरळसरळ पराभव होता. पण काही महिन्यांतच, ऑगस्ट १८८८ मध्ये, ग्लासगो येथे स्कॉटिश मजूर पक्ष स्थापन झाला आणि हार्डी त्याचे चिटणीस झाले.

१८९२ मध्ये ते लंडनमधून कसे निवडून आले?

वेस्ट हॅम साउथ हा लंडनच्या पूर्वेकडील गोदी आणि गॅस कारखान्यांचा मतदारसंघ होता. १८८९ च्या गॅस कामगारांच्या आणि गोदी कामगारांच्या लढ्यांनंतर तेथे अकुशल कामगारांच्या नव्या संघटना जोरात होत्या. उदारमतवाद्यांच्या नियोजित उमेदवाराचे निवडणुकीपूर्वी निधन झाले आणि हार्डी यांच्यासमोर एकटा हुजूर पक्षाचा उमेदवार राहिला, त्यामुळे सरळ लढत झाली. हार्डी यांना ५,२६८ आणि प्रतिस्पर्धी मेजर बेन्स यांना ४,०३६ मते मिळाली. याच निवडणुकीत सेंट्रल फिन्सबरीतून दादाभाई नौरोजी हाताच्या बोटांवर मोजता येतील एवढ्या मताधिक्याने निवडून आले, म्हणजे मुंबईचे दादाभाई आणि कमनॉकचे हार्डी एकाच संसदेत प्रथम बसले.

संसदेतील टोपीचा किस्सा काय आहे?

३ ऑगस्ट १८९२ रोजी हार्डी संसदेत शपथ घ्यायला आले ते वेस्ट हॅमच्या समर्थकांनी भाड्याने घेतलेल्या घोडागाडीतून, आणि सोबत वाजंत्रीही होती. सभासदांनी काळा लांब कोट आणि उंच रेशमी टोपी घालायची असा तेव्हाचा प्रघात होता. हार्डी साध्या लोकरी कापडाचा सूट घालून आणि डोक्यावर शिकारी वळणाची, दोन बाजूंना झडपा असलेली टोपी घेऊन आले. वृत्तपत्रांनी तिला कामगाराची कापडी टोपी ठरवून टाकले, व्यंगचित्रकारांनी तेच चित्र पक्के केले, आणि ती टोपी कायमची त्यांच्या नावाशी जोडली गेली. समर्थकांना ती अभिमानाची खूण वाटली, विरोधकांना उद्धटपणा वाटला. बेरोजगारीवर त्यांनी त्या पहिल्या कारकिर्दीत केलेली भाषणे या टोपीपेक्षा कितीतरी महत्त्वाची होती. सभागृहात ‘बेरोजगारांचे सभासद’ अशी त्यांची ओळख झाली ती त्यांमुळेच.

राजघराण्याविरुद्ध त्यांनी केलेले भाषण इतके का गाजले?

२३ जून १८९४ रोजी साउथ वेल्समधील सिल्फिनिद येथील अल्बियन कोळसा खाणीत स्फोट झाला आणि २९० माणसे व मुले ठार झाली. त्याच दिवशी राजघराण्यात एका मुलाचा, म्हणजे पुढे आठवा एडवर्ड झालेल्या राजपुत्राचा, जन्म झाला. त्यानंतर एक-दोन दिवसांतच फ्रान्सचे अध्यक्ष कार्नो यांची हत्या झाली. संसदेने फ्रान्सकडे दुखवट्याचा संदेश पाठवला आणि राणीच्या अभिनंदनाचा ठराव मांडला. खाणीतील मृतांच्या कुटुंबीयांविषयी सहानुभूतीचे दोन शब्द त्या ठरावात घालावेत ही हार्डी यांची मागणी मात्र मान्य झाली नाही.

तेव्हा २८ जून रोजी ते अभिनंदनाच्या ठरावाविरुद्ध बोलायला उभे राहिले. सभागृहात प्रचंड आरडाओरडा झाला. या बालकाभोवती लहानपणापासून खुशमस्कऱ्यांचा गराडा राहील, आपण इतरांहून श्रेष्ठ आहोत असे त्याला शिकवले जाईल, यथाकाल त्याला जगप्रवासाला धाडले जाईल, मग एखाद्या विजोड विवाहाच्या वावड्या उठतील, आणि या सगळ्याचे बिल देश भरेल, अशा आशयाचे ते बोलले. १९३६ मध्ये घटस्फोटित अमेरिकन स्त्रीशी विवाह करण्यासाठी आठव्या एडवर्डने सिंहासन सोडले, तेव्हा अनेकांना हे भाषण आठवले. पण ते केवळ खरे ठरलेले भाकीत म्हणून वाचले तर त्यातले मूळ कारण, म्हणजे दोनशे नव्वद मृत्यूंविषयीचे संसदेचे मौन, नजरेआड होते. वेल्सच्या खाणकामगारांना ते कारण चांगलेच लक्षात राहिले होते, हे १९०० मध्ये दिसले.

स्वतंत्र मजूर पक्ष आणि मजूर पक्ष हे एकच का?

नाही. स्वतंत्र मजूर पक्ष जानेवारी १८९३ मध्ये ब्रॅडफर्ड येथे हार्डी यांच्या अध्यक्षतेखाली स्थापन झाला. तो वैयक्तिक सभासदांचा, ध्येयाने समाजवादी असलेला छोटा पक्ष होता. १८९५ च्या निवडणुकीत त्याने २८ उमेदवार उभे केले आणि सर्वच्या सर्व पडले. वेस्ट हॅममधून हार्डीही पडले. त्याच वर्षी कामगार संघटनांच्या परिषदेने आपले नियम असे बदलले की प्रत्यक्ष काम करणारे कामगार किंवा संघटनांचे पदाधिकारी यांनाच प्रतिनिधी म्हणून येता येईल. त्यामुळे हार्डी यांना परिषदेचे दारच बंद झाले.

मजूर पक्षाचे मूळ आहे ते १९०० मधील मजूर प्रतिनिधित्व समितीत. १८९९ मध्ये प्लिमथ येथील कामगार संघटनांच्या परिषदेत रेल्वे कर्मचारी संघटनेने मांडलेला, कामगारांचे प्रतिनिधित्व वाढवण्यासाठी खास परिषद भरवण्याचा ठराव ५,४६,००० विरुद्ध ४,३४,००० मतांनी मंजूर झाला. त्यानुसार २७ आणि २८ फेब्रुवारी १९०० रोजी लंडनच्या फॅरिंग्डन स्ट्रीटवरील मेमोरियल हॉलमध्ये १२९ प्रतिनिधी जमले. एका टोकाला वर्गसंघर्षाची भूमिका पक्षाने अधिकृतपणे स्वीकारावी असे म्हणणारे मार्क्सवादी होते, दुसऱ्या टोकाला उदारमतवाद्यांपासून दूर जायलाच नको म्हणणारे संघटनांचे नेते. हार्डी यांच्या दुरुस्तीने मध्यममार्ग काढला: संसदेत कामगारांचा वेगळा गट असावा, त्याचे स्वतःचे प्रतोद असावेत आणि धोरणावर त्याने स्वतः एकमत करावे. समाजवादाचा उल्लेख त्यात नव्हता.

कडव्या समाजवाद्यांनी याला तडजोड म्हटले आणि ती तडजोडच होती. पण सात वर्षे स्वतंत्र समाजवादी पक्ष चालवून पाहिलेल्या माणसाला हे कळून चुकले होते की संघटनांचा पैसा आणि सभासद सोबत आल्याशिवाय स्वातंत्र्य ही नुसती घोषणाच राहते. आधी वेगळे व्हावे, समाजवादी मागाहून होता येईल, असा हा हिशेब होता. समितीचे चिटणीसपद रॅम्से मॅकडोनाल्ड यांच्याकडे गेले.

१९०० मध्ये ते वेल्समधून कसे निवडून आले?

दक्षिण आफ्रिकेतील बोअर युद्धाच्या गदारोळात ही निवडणूक झाली. हार्डी युद्धाचे उघड विरोधक होते. ते प्रेस्टन आणि मर्थिर टिडव्हिल अशा दोन ठिकाणी उभे होते. बहुतेक वेळ त्यांनी प्रेस्टनमध्ये घालवला आणि तेथे ते पडले. मर्थिरला ते मतदानाच्या अगदी तोंडावर पोहोचले आणि जिंकले. मर्थिर हा दोन सभासद निवडणारा मतदारसंघ होता आणि प्रत्येक मतदाराला दोन मते होती. उदारमतवादी पक्षाचे डी. ए. थॉमस हे खाणमालक तेथे सर्वांत बलवान होते, पण त्यांचे दुसरे उदारमतवादी उमेदवार प्रिचर्ड मॉर्गन यांच्याशी हाडवैर होते. थॉमस यांच्या पुष्कळ समर्थकांनी दुसरे मत हार्डी यांना दिले. दोन वर्षांपूर्वीची, १८९८ ची, सहा महिन्यांची टाळेबंदीही खाणकामगारांच्या मनात ताजी होती. मृत्यूपर्यंत ते मर्थिरचे सभासद राहिले.

समितीच्या वतीने त्या वर्षी दोघेच निवडून आले: हार्डी आणि डर्बीचे रिचर्ड बेल.

दोन खासदारांच्या गटाचा १९०६ मध्ये इतका मोठा पक्ष कसा झाला?

न्यायालयामुळे, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. साउथ वेल्समधील टॅफ व्हेल रेल्वे कंपनीने संपामुळे झालेल्या नुकसानीबद्दल रेल्वे कर्मचारी संघटनेवर दावा केला आणि १९०१ मध्ये लॉर्ड्स सभागृहाने, म्हणजे तेव्हाच्या सर्वोच्च अपील न्यायालयाने, तो ग्राह्य धरला. संघटनेला २३,००० पौंड नुकसानभरपाई आणि शिवाय खटल्याचा खर्च भरावा लागला. संप केला तर संघटनेची तिजोरीच रिकामी होणार, हे स्पष्ट झाल्यावर आजवर दूर राहिलेल्या संघटना धडाधड समितीशी संलग्न झाल्या. हार्डी यांनी बारा-चौदा वर्षे जे सांगून पटत नव्हते ते एका निकालाने पटवले. १९०३ मध्ये मॅकडोनाल्ड आणि उदारमतवादी पक्षाचे मुख्य प्रतोद हर्बर्ट ग्लॅडस्टन यांच्यात काही जागांवर एकमेकांविरुद्ध उमेदवार न देण्याचा गुप्त समझोता झाला. १९०६ मध्ये २९ जण निवडून आले, समितीचे नाव मजूर पक्ष झाले, आणि त्याच वर्षीच्या कायद्याने संघटनांना अशा दाव्यांपासून संरक्षण मिळाले.

उदारमतवाद्यांपासून स्वातंत्र्य हाच ज्या पक्षाचा पाया, त्याची पहिली मोठी झेप उदारमतवाद्यांशी केलेल्या समझोत्यावर झाली, ही विसंगती हार्डी यांच्या टीकाकारांनी तेव्हाही दाखवली होती.

पक्षनेते म्हणून ते यशस्वी होते का?

फारसे नाही. संसदीय गटाचे अध्यक्षपद त्यांना डेव्हिड शॅकल्टन यांच्यापेक्षा केवळ एका मताने मिळाले. गटाचे रोजचे कामकाज, समित्या, मतदानाचे डावपेच यांत त्यांचे मन रमत नसे. प्रकृतीही साथ देत नव्हती. १९०८ च्या आरंभी त्यांनी पद सोडले आणि ते आर्थर हेंडरसन यांच्याकडे गेले.

खासदारांना पगार नसताना त्यांची उपजीविका कशी चालत असे?

ब्रिटनमध्ये खासदारांना वेतन मिळू लागले ते १९११ पासून, वर्षाला ४०० पौंड. त्याआधी हार्डी लेखन, व्याख्याने आणि स्नेह्यांची मदत यांवर जगले. ‘लेबर लीडर’ हे साप्ताहिक ते चालवत आणि त्याचा तोटाही सोसत. १८९२ च्या निवडणुकीत उद्योगपती अँड्र्यू कार्नेगी यांच्याकडून त्यांनी १०० पौंड स्वीकारले होते, हे मात्र त्यांच्या स्वतंत्र बाण्याशी जुळवून घ्यायला अनुयायांना जड गेले. दुसरीकडे, एडिंबरोच्या दोन हितचिंतक भगिनींनी देऊ केलेले ३०० पौंडांचे वार्षिक साहाय्य त्यांनी नाकारले. पत्नी लिली आणि मुले कमनॉकमधील ‘लॉकनॉरिस’ या घरी राहत, आणि हार्डी लंडनमध्ये फ्लीट स्ट्रीटजवळच्या नेव्हिल्स कोर्टमधील जुन्या घरात. संसाराची ओढाताण, आणि वर्षातील बहुतेक दिवसांचा एकटेपणा, लिली यांच्या वाट्याला आला. त्यांच्याविषयी चरित्रांत फार कमी पाने आहेत.

ते मार्क्सवादी होते का?

रूढ अर्थाने नव्हते. मार्क्स आणि एंगेल्स यांचे त्यांनी वाचले होते, एंगेल्स यांना ते भेटलेही होते, पण त्यांच्या समाजवादाची भाषा येशूच्या गिरिप्रवचनाची आणि बर्न्सच्या कवितांची होती. वर्गयुद्धापेक्षा न्याय आणि बंधुभाव हे शब्द ते अधिक वापरत. याचा अर्थ ते धर्मसंस्थेशी सौम्य होते असा नाही. १८९९ मध्ये त्यांनी लॉर्ड ओव्हरटाउन यांच्या ग्लासगोजवळील शॉफील्ड येथील रसायन कारखान्यावर लेखमाला लिहिली. हे गृहस्थ धर्मप्रसारासाठी प्रचंड देणग्या देत आणि रविवारच्या ट्रामगाड्यांना विरोध करत. त्यांच्या कारखान्यात मात्र मजूर दिवसाला बारा तास, आठवड्याचे सातही दिवस, तासाला तीन-चार पेन्सवर राबत होते, आणि क्रोमच्या धुळीने त्यांच्या नाकाच्या पडद्याला भोके पडत होती. लेखांच्या पुस्तिका हजारोंनी खपल्या आणि कारखान्यात काही सुधारणा कराव्या लागल्या. माझ्या मते पत्रकार हार्डी यांचे हे सर्वोत्तम काम आहे, कारण येथे त्यांनी उपदेश कमी केला आणि वेतन, तास व आजार यांची माहिती अधिक दिली.

स्त्रियांच्या मताधिकाराला त्यांनी पाठिंबा दिला होता का?

दिला, आणि त्यासाठी पक्षाशी भांडणही केले. स्त्रियांच्या मताधिकार चळवळीच्या नेत्या एमेलिन पँकहर्स्ट आणि त्यांच्या कन्यांशी त्यांची जुनी ओळख होती. सिल्व्हिया पँकहर्स्ट यांच्याशी त्यांचा अत्यंत निकटचा स्नेहसंबंध होता. त्या काळी मालमत्तेच्या अटीमुळे अनेक पुरुष कामगारांनाही मत नव्हते, म्हणून त्याच अटींवर स्त्रियांना मत देणे म्हणजे श्रीमंत बायकांना मत देणे, असा पक्षातील अनेकांचा आक्षेप होता. १९०७ च्या बेलफास्ट परिषदेत तो आक्षेप बहुमताने मान्य झाला, तेव्हा हार्डी यांनी पक्ष सोडण्याचा इशारा दिला; अखेर या प्रश्नावर खासदारांना आपापल्या विवेकाने मत देण्याची मुभा देऊन वाद मिटवण्यात आला. १९०९ मध्ये तुरुंगात उपोषण करणाऱ्या स्त्रियांना नळीने जबरदस्तीने अन्न भरवले जाऊ लागले, तेव्हा संसदेत प्रश्न विचारणाऱ्यांत ते पुढे होते.

भारताशी त्यांचा काय संबंध होता?

१९०७ मध्ये आजारपणानंतर विश्रांतीसाठी म्हणून ते जगप्रवासाला निघाले आणि शरद ऋतूत भारतात पोहोचले. बंगालच्या फाळणीविरुद्धची चळवळ तेव्हा भरात होती. ते पूर्व बंगालमध्ये फिरले, स्वदेशीच्या कार्यकर्त्यांना भेटले, आणि कॅनडासारखा स्वराज्याचा अधिकार भारताला मिळावा असे बोलले. त्यांच्या भाषणांचे विपर्यस्त वृत्तांत तारेने लंडनला गेले आणि तेथील वृत्तपत्रांनी त्यांना राजद्रोही ठरवले. हार्डी यांनी त्या वृत्तांतांचा इन्कार केला. पुण्यात त्यांची लोकमान्य टिळकांशी भेट झाली. पुढल्याच वर्षी टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली. शेतसाऱ्याचा बोजा, नोकऱ्यांत भारतीयांना दिले जाणारे दुय्यम स्थान आणि युरोपीय लोकांच्या तुच्छतेच्या वागणुकीविषयी त्यांनी लिहिलेली निरीक्षणे १९०९ मध्ये पुस्तकरूपाने आली. साम्राज्य संपवा असे त्यांनी म्हटले नव्हते. त्यांची मागणी साम्राज्यांतर्गत स्वराज्याची होती.

याच प्रवासात दक्षिण आफ्रिकेत कृष्णवर्णीय कामगारांना संघटनांत घ्यावे असे सुचवल्यामुळे गोऱ्या जमावाने त्यांच्या सभा उधळल्या.

परदेशी मजुरांविषयी त्यांची भूमिका नेहमीच उदार होती का?

नव्हती. १८८० च्या दशकाच्या उत्तरार्धात एअरशरमध्ये लिथुआनियातून आलेल्या मजुरांना कमी वेतनावर कामाला लावले जाऊ लागले, तेव्हा हार्डी यांनी त्यांच्याविरुद्ध लिहिले, आणि त्यातील भाषा वेतनाच्या मुद्द्यापुरती राहिली नाही. त्या लोकांच्या राहणीवर आणि सवयींवर हीन शेरे त्यांनी मारले. वीस वर्षांनंतर दक्षिण आफ्रिकेत दगड झेलणारा माणूस आणि हा लेखक एकच आहे. त्यांचे विचार बदलत गेले असे म्हणता येते, पण आधीचे लेखन लपवण्याचे कारण नाही.

पहिल्या महायुद्धाच्या वेळी त्यांची भूमिका काय होती?

युद्ध सुरू झाल्यास सर्व देशांतील कामगारांनी सार्वत्रिक संप करावा, अशी सूचना त्यांनी फ्रान्सच्या एदुआर वायाँ यांच्यासह १९१० मध्ये कोपनहेगनच्या आंतरराष्ट्रीय समाजवादी परिषदेत मांडली होती. परिषदेने ती अधिक विचारासाठी पुढे ढकलली. २ ऑगस्ट १९१४ रोजी लंडनच्या ट्राफाल्गर चौकातील युद्धविरोधी सभेत ते बोलले. दोन दिवसांनी ब्रिटन युद्धात उतरले, मजूर पक्षाच्या बहुसंख्य खासदारांनी सरकारला साथ दिली आणि मॅकडोनाल्ड यांनी अध्यक्षपद सोडले. ६ ऑगस्टला हार्डी स्वतःच्या मतदारसंघातील ॲबरडेअर येथे सभेला गेले, तर लोकांनी राष्ट्रगीत गाऊन आणि गोंगाट करून त्यांना बोलू दिले नाही. ज्या खाणकामगारांनी चौदा वर्षे त्यांना निवडून दिले त्यांच्यातीलच ते लोक होते.

त्यानंतर त्यांची प्रकृती झपाट्याने ढासळली. २६ सप्टेंबर १९१५ रोजी ग्लासगो येथे न्यूमोनियाने त्यांचे निधन झाले. वय ५९ होते.

त्यांच्या पश्चात मर्थिरच्या जागेचे आणि कुटुंबाचे काय झाले?

पोटनिवडणुकीत युद्धसमर्थक खाणकामगार नेते चार्ल्स स्टँटन विजयी झाले. ॲबरडेअरची ती सभा उधळण्यातही त्यांचा पुढाकार होता. १९१८ मध्ये मतदारसंघाची विभागणी झाली. १९२२ मध्ये ॲबरडेअरला स्टँटन मजूर पक्षाच्या जॉर्ज हॉल यांच्याकडून हरले, आणि त्याच निवडणुकीत मर्थिरमधून युद्धविरोधी आर. सी. वॉलहेड निवडून आले. हार्डी यांची कन्या नॅन पुढे कमनॉकची प्रोव्होस्ट, म्हणजे नगरप्रमुख, झाली; तिचे पती एमरिस ह्यूज हे साउथ एअरशरचे खासदार होते. सावत्र बंधू जॉर्ज हार्डी हेही ग्लासगोमधून मजूर पक्षाचे खासदार झाले. कमनॉकच्या टाउन हॉलसमोर बेनो शॉट्झ या शिल्पकाराने घडवलेला हार्डी यांचा अर्धपुतळा आहे.